चौदा पावलांवर भिंत

हॉलच्या दारापासून बाल्कनीच्या कठड्यापर्यंत चौदा पावलं होती. स्वयंपाकघराकडून वळसा घेतला तर एकवीस. वाटेत एक सोफा, दोन खुर्च्या, फायलींचं एक कपाट आणि एक टीपॉय. टीपॉयचा कोपरा बाबांच्या गुडघ्याला वर्षभरात सहा वेळा लागला होता. भिंतीवर तीन चौकटी: सभागृहात शपथ घेतानाचा फोटो, पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाचा फोटो आणि मतदारसंघाचा एक मीटर लांबीचा नकाशा, कडा पिवळ्या पडलेला. फरशांच्या बावीस ओळी होत्या. आठव्या ओळीतली एक फरशी सैल होती आणि दर फेरीला टक् करून वाजायची.

हे सगळं लेकीने मोजलं होतं. एका खासगी प्रयोगशाळेत ती पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासायची, त्यामुळे मोजल्याशिवाय तिला कशावर बोलताच येत नसे. आई म्हणायची, "दिवसभर चालतात गं, डोकं भणभणतं माझं." लेकीने विचारलं, "दिवसभर म्हणजे किती?" आईने हात जोडले. मग लेकीने बाबांच्या सदऱ्याच्या खिशातल्या फोनमध्ये पावलं मोजायची सोय सुरू करून दिली. चाळीस दिवसांची सरासरी निघाली दहा हजार आठशे सत्तर. त्यातली घराबाहेरची सहाशेसुद्धा नव्हती.

बाबांच्या पायाला आधीपासूनच भिंगरी होती. तरुणपणी ते पंप दुरुस्त करायचे. पान्यांची पिशवी घेऊन घरोघरी जायचे, पंपाला कान लावायचे आणि काय बिघडलंय ते उघडायच्या आधीच सांगायचे. कोणाच्या घरी पाणी चढत नाही, कोणाचं भांडण शेजाऱ्याशी आणि कोणाचं सासूशी, हे त्यांना पंपामुळे कळायचं. त्या ओळखीवरच ते निवडणुकीला उभे राहिले. पहिल्या वेळी एक हजार एकशे चार मतांनी पडले. दुसऱ्या वेळी सहा हजार तीनशे अठरा मतांनी आले, तिसऱ्या वेळी अकरा हजार नऊशे चाळीसने. चौथ्या वेळी जेमतेम तीनशे अठ्ठ्याऐंशीने तगले. पाचव्या वेळी दोन हजार दोनशे सात मतांनी आपटले. त्याला आता पाच वर्षं होत आली होती आणि सहावी निवडणूक दारात होती. पक्षाने तिकीट एका तरुण डॉक्टरला दिलं होतं. बाबांना फोनही आला नव्हता, पेपरात वाचूनच कळलं.

त्या दिवशी फोनने पंधरा हजार पावलं दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी जाहीर केलं, "अपक्ष उभा राहतोय."

आईने हातातली कढई खाली ठेवली, पिशवी भरली आणि बहिणीकडे जायला निघाली. बहीण दोनशे किलोमीटरवर राहायची. "तुमची निवडणूक संपली की कळवा," ती दारातून म्हणाली. "आणि ती फरशी तेवढी बसवून घ्या. तिच्या टक्-टकीला मी तुमच्यापेक्षा जास्त विटलेय."

लेकीला आईसारखं निघून जाता येत नव्हतं. बाबा कशामुळे पडले, ते तिला माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

बाबांच्या नावावर एकच गोष्ट पक्की होती: ती टाकी. सभागृहात त्यांनी दोनशे चौदा प्रश्न विचारले, त्यातले एकसष्ट पाण्याचे. एकसष्टावा विचारल्यावर टाकी मंजूर झाली. जागा अपुरी पडली तेव्हा त्यांनी रस्तासुद्धा हलवला होता. लोक त्यांना टाकीवाले साहेब म्हणायचे. पाचव्या निवडणुकीच्या एकोणीस दिवस आधी त्याच टाकीचा नमुना लेकीच्या टेबलावर आला. शंभर मिलिलिटर पाण्यात जिथे जिवाणूंची एकही वसाहत दिसायला नको, तिथे तिला चार दिसल्या. एक झडप गळत होती आणि अकराव्या दिवशी ती दुरुस्तही झाली. पण विरोधकांना अहवाल तिसऱ्याच दिवशी मिळाला होता. त्यांनी तो सहा फुटी फलकांवर छापला, आणि खाली तिची सही, हाताएवढी मोठी करून. शेवटच्या अक्षराची शेपटी फलकाच्या चौकटीबाहेर जात होती. बसस्टॉपवर, पुलावर, घरासमोर, जिकडेतिकडे तीच सही.

तेव्हापासून ती प्रयोगशाळेत नुसती आद्याक्षरं टाकायची.

फलक लागल्यापासून बाबांनी तिला त्याबद्दल पाच वर्षांत एक शब्दही विचारला नव्हता. तेच तिला सलत होतं.

---

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तिने रजा टाकली आणि गाडी काढली. मागच्या सीटवर कोरम होता. कोरम हा बाबांचा पंचवीस वर्षांचा सोबती. कुठल्याही सभेला माणसं कमी पडली की हा दोन-चार जण धरून आणायचा आणि आकडा पुरा करायचा, म्हणून सभागृहातल्याच कोणीतरी त्याला ते नाव ठेवलं होतं. त्याच्या मांडीवर प्लॅस्टिकचं फोल्डर होतं.

"अपक्षाला सूचक दहा लागतात, साहेब," कोरम म्हणाला. "मी बारा घेतलेत. दोन वरचे. आपण कधी कमी पडलोय का?"

"गेल्या वेळी पडलो की," बाबा म्हणाले.

"ते मतांत. सह्यांत नाही."

बाबा हसले, पण त्यांचा पाय गाडीच्या तळावर ठेका धरून हलतच होता. शेजारी बसलेल्या बाबांकडे लेकीने तिरक्या नजरेने पाहिलं. उजवा पाय, मिनिटाला साधारण नव्वद.

निवडणूक कार्यालय एका जुन्या शाळेच्या इमारतीत होतं. व्हरांडा लांबलचक, भिंतीवर घड्याळ, दाराशी एक पोलीस. दीड वाजून पाच मिनिटांनी ते रांगेत लागले. पुढे चार उमेदवार होते. दोन वाजून दहा मिनिटांनी बाबांचा नंबर आला. टेबलामागे एक कारकून बाई होत्या. चष्मा कपाळावर चढवलेला, पुढ्यात मतदारयादीचा जाडजूड गठ्ठा. त्यांनी फोल्डर उघडलं आणि एकेक सूचकाचं नाव यादीत शोधायला सुरुवात केली. सापडलं की पेन्सिलीने टिक. नाही सापडलं की पेन्सिल हवेतच.

पेन्सिल तीन वेळा हवेत थांबली.

"चार, सात आणि अकरा," बाई म्हणाल्या. "ही नावं या मतदारसंघात नाहीत."

"नाहीत म्हणजे?" कोरम पुढे झुकला. "काल तिघांच्याही घरी चहा पिऊन आलोय मी!"

"चहा पाजला म्हणून कोणी मतदार होत नाही, काका. यादीत नाव लागतं."

"हे बघा नंबर." कोरमने घरून आणलेली यादी पुढे सरकवली.

बाईंनी मुखपृष्ठावरचं वर्ष बघितलं आणि यादी तशीच परत सरकवली. "ही मागची. हद्दी बदलल्या ना गेल्या वर्षी."

"हद्दी बदलल्या, माहीत आहे मला," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज सभागृहातला झाला. "नोटीस वाचलीय मी. रस्त्याच्या पूर्वेचा भाग पलीकडच्या मतदारसंघात गेला. ही तिन्ही घरं टाकीमागची आहेत, आणि टाकी रस्त्याच्या पश्चिमेला आहे. नकाशावर रोज बघतो."

बाईंनी त्यांच्याकडचा नकाशा उलगडला आणि पेन्सिलीचं टोक टेकवलं. "टाकी पूर्वेला आहे, साहेब. ही बघा. रस्ता असा तिला वळसा घालून पश्चिमेकडून जातो."

बाबांनी वाकून पाहिलं. बराच वेळ.

"साहेब," कोरम हळूच म्हणाला, "रस्ता आपणच फिरवला होता. टाकीला जागा पाहिजे म्हणून."

लेकीला घरातला नकाशा आठवला. तो बाबांनी पहिल्या निवडणुकीच्या वेळी आणला होता. टाकी नंतर त्यांनी त्यावर शाईने स्वतः काढली होती, मोठं निळं वर्तुळ, पण रस्ता पुसून नव्याने काढायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाबांनी पाच वर्षं रोज त्या नकाशासमोरून फेऱ्या मारल्या होत्या. त्यांच्या डोक्यात रस्ता अजून जुन्याच जागी होता.

"म्हणजे टाकीच आमच्यात नाही," बाबा म्हणाले.

"नऊ सूचक बरोबर आहेत," बाई म्हणाल्या, जरा नरमाईने. "एक आणा. तीनच्या आत. सही इथे माझ्यासमोर केली तरी चालेल. याच मतदारसंघातला कोणीही."

घड्याळात दोन वाजून चोवीस मिनिटं झाली होती.

---

कोरमने फोन काढला आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन लावायला लागला. पहिला माणूस परगावी. दुसरा म्हणाला, येतो, पण यायला दीड तास लागेल. तिसऱ्याने फोन उचललाच नाही. चौथ्याने उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये" म्हणून ठेवून दिला.

"आवाज चांगला खणखणीत येत होता त्याला," कोरम म्हणाला. "मेल्याच्या घराची पायपलाइन आपण टाकलीय!"

बाबांनी ऐकलं नाही. ते फाटकाकडे निघाले होते, जवळजवळ पळतच. लेक त्यांच्यामागे गेली. फाटकाबाहेर रस्त्यावर माणसं जात होती आणि बाबा त्यांना अडवत होते. तीन वेळा निवडून आलेला माणूस रस्त्यात उभा राहून विचारत होता, "तुम्ही मतदार कुठले?"

पहिला म्हणाला, मी इथला नाही. दुसरी एक परिचारिका होती, ड्यूटीवरून परतत होती. तिने ओळखलं, आनंदाने फोन काढून बाबांसोबत फोटो घेतला. सहीचं नाव काढताच तिचा चेहरा पडला. "आमच्या डॉक्टरसाहेबांनाच तिकीट मिळालंय हो. उद्या पुन्हा वॉर्डात तोंड दाखवायचंय मला." तिसरा दुकानदार. त्याने बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. "साहेब, मत तुम्हालाच. अगदी पक्कं. पण सही नको. मत कोणाला दिसत नाही, सही दिसते."

सही दिसते. लेकीइतकं हे कोणाला ठाऊक असणार?

बाबा परत आत आले आणि व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागले. दारापासून पायऱ्यांपर्यंत. लेकीने सवयीने मोजलं. एकतीस पावलं, मग वळण. एकतीस, वळण. पोलीस मान हलवत बघत होता. कोरम फोन खिशात टाकून तिच्याजवळ आला.

"ताई," तो म्हणाला, "एक विचारू? रागवायचं नाही."

"मला माहीत आहे तू काय विचारणार आहेस."

"नाव तुमचं याच यादीत आहे. घर काही पूर्वेला गेलेलं नाही."

"त्यांनी विचारायला हवं, कोरमकाका."

"ते विचारणार नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

तिला माहीत होतं. पहिल्या निवडणुकीत बाबांनी प्रचाराची सुरुवात स्वतःच्या घरापासून केली होती. आजीपुढे हात जोडले, मत मागितलं, सगळे हसले. मग ते पडले. त्यानंतर त्यांनी घरात कधीच मत मागितलं नाही, घरात कोणी कोणाला मत दिलं हे कधी विचारलं नाही. मतमोजणीचे आकडे आले की ते घराजवळच्या केंद्राचं पान न वाचताच उलटायचे. "घरातल्या मताला हात लावायचा नाही," असं ते म्हणायचे, आणि तो नियम त्यांनी पंचवीस वर्षं पाळला होता.

दोन वाजून एकेचाळीस मिनिटं.

ती व्हरांड्यात गेली आणि त्यांच्या बरोबरीने चालायला लागली. त्यांच्या वेगाने चालायचं तर तिला दर पाच-सहा पावलांनी एक जास्तीचं टाकावं लागत होतं.

"बाबा, घरी जाऊ या."

"एकोणीस मिनिटं आहेत अजून."

"कशासाठी उभं राहायचंय? टाकीसुद्धा तुमच्यात नाही आता. पडाल तुम्ही. वाईट पडाल."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"अगं, बारा सह्या गोळा करायला कोरमला चार दिवस लागले. पूर्वी चार दिवसांत तो बाराशे माणसं उभी करायचा. एवढं गणित मलाही येतं." ते वळले. ती वळली. "दोन हजार मतं पडली तरी डोक्यावरून पाणी."

"मग?"

ते पायऱ्यांपर्यंत गेले आणि परत वळले. मग म्हणाले, "घरात चौदा पावलांवर भिंत येते."

तिला वाटलं होतं ते काहीतरी मोठं बोलतील. जनता, काम, अन्याय. त्या बोलण्याची तिची तयारी होती, याची नव्हती. आपण पावलं मोजली हे त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःच मोजली होती.

"एक महिना," बाबा म्हणाले. "एक महिना लोकांच्या दारात जायचं. दार उघडलं तर बसायचं, नाही उघडलं तर पुढचं दार. गेल्या वेळी निरोपसुद्धा घेता आला नाही नीट. निकाल लागला आणि मी घरात शिरलो तो शिरलोच. लाज वाटत होती."

"माझ्या अहवालाची?"

आता ते थांबले. बरोबर मधे, सोळाव्या पावलावर.

"तुझ्या अहवालाची कशाला? टाकीची. पंपाला कान लावून बिघाड सांगणारा माणूस मी, आणि माझ्याच टाकीची झडप गळतेय हे मला कळू नये?"

"मला वाटलं तुम्ही माझ्यावर..." ती म्हणाली. "तुम्ही पाच वर्षांत एकदाही विषय काढला नाहीत."

"काढला होता. तेव्हाच. परत तपास म्हणालो होतो."

"तपासलं होतं. दुसऱ्या वेळी सहा आल्या."

"हां. परत तपास म्हणालो," बाबा म्हणाले, "सही करू नकोस असं म्हणालो नाही. ते मी म्हणालो असतो तर मात्र तुझ्या डोळ्याला डोळा देता आला नसता. कोरम म्हणत होता, तीन आठवडे दाबून ठेवा. त्याला दोन दिवस घरात घेतला नव्हता मी."

कोपऱ्यातून कोरम म्हणाला, "तीन दिवस."

"ऐकतोयस होय रे!"

"व्हरांडा आहे साहेब, सगळं घुमतं."

दोन वाजून पन्नास. बाबा पुन्हा चालायला लागले, आता जरा हळू. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते विचारणार नव्हते. तीन वाजले असते, पोलिसाने फाटक लावलं असतं आणि ते गाडीत येऊन बसले असते, उजवा पाय हलवत, आणि घरी जाऊन चौदा पावलं, वळण, चौदा पावलं, टक्.

लेक वळली आणि सरळ टेबलाकडे गेली.

"दहावी मी," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "यादीत नाव?"

तिने भाग क्रमांक सांगितला, अनुक्रमांक सांगितला. दोन्ही तिला तोंडपाठ होते. पेन्सिल यादीवरून खाली सरकत गेली आणि टिक करून थांबली.

"उमेदवाराशी नातं? नियमात नाही ते," बाई म्हणाल्या, "मी आपलं सहज विचारतेय."

"लेक."

"मग एवढा वेळ कुठे होतीस गं? फाटकावर माणसं काय अडवताय?"

तिने पेन घेतलं. हाताने सवयीने आद्याक्षरांकडे वळायला सुरुवात केली. तिने हात उचलला, पुन्हा टेकवला आणि पूर्ण सही केली, शेवटच्या अक्षराच्या शेपटीसकट. शेपटी चौकटीबाहेर गेली.

"चालेल ना?" तिने विचारलं.

"चालेल. फक्त रेघ पुढच्या नावावर नको जायला. आणि पुढे नाव नाहीच."

बाबा दारात उभे होते. अर्ज स्वीकारल्याचा शिक्का बसला तेव्हा दोन वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती. कोरमने भिंतीला पाठ टेकली आणि एकदम खालीच बसला.

"झाला बाबा कोरम पुरा," तो म्हणाला.

बाबा गाडीकडे निघाले. दार उघडताना म्हणाले, "सही तशीच आहे गं तुझी. फलकावर होती तशीच." मग जरा थांबून, "नियम मोडला गेला का?"

"तुम्ही कुठे मागितली? मी दिली."

"हां," बाबा म्हणाले. "मग ठीक आहे."

---

पुढचे सव्वीस दिवस ते दारोदार हिंडले. गाडी नाही, लाउडस्पीकर नाही, बाबा आणि कोरम, एक छत्री आणि पत्रकांची पिशवी. कोरम तिसऱ्या दिवसापासून लंगडायला लागला आणि लेकीला फोन करून तक्रार करायचा, "ताई, साहेब प्रचार करत नाहीत. पंप बघतात! आज दोन घरी झडप बसवून दिली. एके ठिकाणी पाना मागून घेतला!" टाकीमागच्या त्या तीन घरांतही ते गेले, तिथलं मत आपल्याला नाही हे माहीत असताना. फोन रोज तेवीस हजारांच्या आसपास पावलं दाखवायचा. मतदानाच्या दिवशी लेकीने रांगेत उभं राहून मत दिलं, आणि घरी कोणी काही विचारलं नाही.

निकाल लागला. बाबांना एक हजार नऊशे चार मतं मिळाली. ते चौथे आले. तरुण डॉक्टर निवडून आला आणि बाबांनी त्याला फोन करून टाकीच्या झडपा दर सहा महिन्यांनी बघत जा म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाला, टाकी तर पलीकडच्या मतदारसंघात आहे ना? बाबा म्हणाले, "मग तिकडच्याला सांग. पण तू सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई परत आली. पिशवी ठेवली, घरभर नजर फिरवली आणि स्वयंपाकघरात गेली. कोरम केंद्रवार आकड्यांचे कागद घेऊन आला होता. बाबा बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसून एकेक पान वाचत होते, मधूनच कोरमला सांगत होते, "इथे अकरा आले बघ. ती आजी असणार, आणि तिचं खटलं." घराजवळच्या केंद्राचं पान आलं, तेव्हा त्यांनी ते न वाचताच उलटलं.

संध्याकाळी सात वाजता आईने लेकीला स्वयंपाकघरात बोलावलं.

"काय गं, बसलेत?"

"बसलेत."

"दुपारपासून?"

"सकाळपासून."

"बरं आहे ना त्यांना?"

"बरं आहे. दोन वेळा जेवले. मला म्हणाले, तो नकाशा काढ, नवा आणू."

आईने कान देऊन हॉलकडे ऐकलं. "फरशी बसवून घेतलीत का?"

"नाही. तशीच आहे, सैल."

लेक हॉलमध्ये आली. बाबांना खुर्चीतच डुलकी लागली होती, कागद मांडीवर. दोन्ही पाय फरशीवर टेकलेले, स्थिर. तिने त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून अलगद फोन काढला आणि त्या दिवसाचा आकडा बघितला.

सातशे बेचाळीस.